आमचं कधी भांडण झालं नाही

४ जानेवारी, रविवार

ही डायरी हफ्साने दिली. ती अलिबागला मेडिकल स्टोअरमध्ये कामाला आहे, तिथे कंपनीवाल्याने फुकट दिलेली. म्हणाली, अब्बा, तुम्ही बोलत नाही तर निदान लिहा. मी बोलतो. कालच तिला सांगितलं, मोटर बंद कर, टाकी भरली.

तरी लिहायला हरकत नाही. नवीन वर्षाचे ठराव. फजरची नमाज मशिदीत जाऊन पढायची. चहात साखर बंद. संध्याकाळी मगरिबनंतर रेवदंड्याच्या किनाऱ्यावर चालणं चालू ठेवायचं, शुगरसाठी. (किनाऱ्यापर्यंत स्कूटरने.) आणि एकटं वाटून घ्यायचं नाही. बायको, जैबुन्निसा, पावसाळ्यात गेली, आता थंडी आहे. माणसाने सावरायला हवं. मी सावरलो आहे.

५ जानेवारी

फजर चुकली. गजर वाजला होता, पण त्याचा आवाज फार कमी आहे.

७ जानेवारी, जेवणानंतर

आज बांगडा वाढता वाढता हफ्साने सांगितलं की तिला एक मुलगा पसंत आहे. नाव अफान. माझगावला राहतो. घराणं मूळ म्हसळ्याचं, म्हणजे आपल्यातलंच. मी विचारलं, कुणी सुचवला. म्हणाली, कुणी नाही, बोटीच्या ग्रुपवर ओळख झाली.

हा ग्रुप व्हॉट्सअॅपवर आहे. मांडव्याची बोट आज चालू की बंद, एवढंच त्यात विचारतात. फार्मसीच्या कोर्सला हफ्सा इकडून मुंबईला जायची, आणि हा मुलगा जमीनमोजणीच्या कामाला तिकडून अलिबागला यायचा. ही विचारायची, वारा फार आहे, बोट सुटली का. तो लिहायचा, सुटली. पुढे दोघं वेगळं बोलू लागले. दोन वर्षं. एका बोटीत कधी बसले नाहीत.

मी म्हटलं, बांगडा चांगला झालाय.

ती उत्तराची वाट बघत उभी होती. वली मी आहे. माझ्या होकाराशिवाय ती निकाह करणार नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. मी अजून एक भाकरी मागितली.

८ जानेवारी

विचार केला. नकार द्यायचा. रागाने नाही, अनुभवाने. फोनवर ओळख झालेली माणसं एका घरात राहू शकत नाहीत. फोनवर माणूस अर्धाच असतो. त्याचा घोरण्याचा आवाज येत नाही, चप्पल कुठे काढतो ते दिसत नाही.

ती गेली तर मी एकटा पडेन म्हणून नकार देतोय, असं कुणी म्हणेल. कुणी म्हटलेलं नाही. तसं नाही म्हणून लिहून ठेवतो.

आज सांगणार होतो. ती दमून आली होती. उद्या.

९ जानेवारी, जुम्मा

सांगितलं नाही. त्याआधीच तिने आतल्या खोलीतून माझ्या फोनवर एक बातमी पाठवली. अमेरिकेत कुठल्याशा विद्यापीठाने पाहणी केली, ऑनलाइन भेटलेली जोडपी जास्त सुखी निघाली आणि त्यांची लग्नंही जास्त टिकली. मी पूर्ण वाचली. अमेरिकेत जमात नाही, शेजार नाही, तिथलं इथे कसं लागू पडेल. खाली दुसरी एक बातमी होती, बरोबर उलट सांगणारी. ती मी तिला पाठवली. आतून हसल्यासारखा आवाज आला, किंवा शिंकली असेल.

ठरवलं, आपण स्वतः अभ्यास करायचा. इथला, चौल-नागावमधला. निष्पक्षपणे करायचा. निष्कर्ष आपल्याला माहीत असला तरी.

११ जानेवारी

अभ्यासाला सुरुवात. नागावला परेशच्या होमस्टेवर ए.सी.चं काम निघालं. बहरीनला सत्तावीस वर्षं मी तेच केलं, इथे येऊनही अधूनमधून करतो. परेश आणि त्याची बायको अमिषा हे ऑनलाइन जोडपं. फोनवर लुडो खेळताना जमलं.

मी शिडीवर होतो. दोघं खाली. अमिषा म्हणाली, पाहुण्यांना उशा दोन दोन देऊ नको, धुवायला मी असते. परेश म्हणाला, तुझ्या बापाच्या उशा हायेत का. ती म्हणाली, हायेत, लग्नात माझ्या बापानेच दिल्यात, मोजून बघ. परेश माझ्याकडे वर बघून म्हणाला, काका, हिला माझं कायच पटत न्हाय. अमिषा म्हणाली, काकांना मधे घेऊ नको, ते पडतील.

मग मासळीवरून एक भांडण झालं. मग वाय-फायच्या पासवर्डवरून एक.

जेवायला मला बसवलं. दोघं एकाच ताटात जेवली. भांडी कमी पडतात म्हणून असेल.

नोंद: लग्न अस्थिर. फार दिवस टिकेल असं वाटत नाही. लग्नाला सात वर्षं झालीत, असं अमिषा सांगत होती.

१३ जानेवारी

जमातीतलं एक जोडपं, मोठ्यांनी बघून जमवलेलं, दोन वर्षांत तुटलं. अभ्यासात धरलं नाही. त्यात चूक सासूची होती.

आज चहात अर्धा चमचा साखर. डॉक्टर एकदम बंद करू नका म्हणतात. आमचे डॉक्टर नाही, पण म्हणतात.

१५ जानेवारी

तुलनेसाठी मोठ्यांनी जमवलेलं एक चांगलं लग्न हवं. आमचंच घेतलं.

जैबुन्निसा आणि मी. माझ्या खालाने, म्हणजे मावशीने, जमवलं. चौतीस वर्षं. आमचं कधी भांडण झालं नाही. अख्ख्या चौलमध्ये असं दुसरं दाखवा.

निकाहनंतर दीड महिन्यात मी बहरीनला गेलो. सुरुवातीला कॅसेट भरून पाठवायचो, गावचं कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्या हाती. ती भरून पाठवायची. कॅसेटवर भांडता येत नाही, उत्तर यायला तीन महिने. पुढे बूथवरून फोन. कार्डातली मिनिटं भांडणात कोण घालवणार. मग व्हॉट्सअॅप आलं, पण तोपर्यंत न भांडण्याची सवय लागली होती. दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळायची, तेव्हा सगळे पाहुणेच.

सहा वर्षांपूर्वी कायमचा परत आलो. तेव्हाही भांडण नाही. पहिले काही दिवस जरा अवघड गेले. समोरासमोर बसलो की विषय सुचायचा नाही. ती विचारायची, चहा? मी म्हणायचो, हं. मग ती किचनमध्ये जायची. एक दिवस किनाऱ्यावर गेलो होतो, तिथून फोन लावला की कोळंबी आलीय, घेऊ का. ती म्हणाली, हं, बोला. आणि तासभर बोललो. कोळंबी संपली तोपर्यंत.

मग रोज मगरिबनंतर किनाऱ्यावर जाऊन फोन करायचो. सगळं बोलायचो. घरी आलो की ती गप्प वाढायची, मी गप्प जेवायचो. सगळं बोलून झालेलं असायचं. याला म्हणतात समाधान.

शुगरसाठीही चांगलं.

१६ जानेवारी, जुम्मा

किनाऱ्यावर फोन अजून बरोबर नेतो. हातात लागतो म्हणून. तिच्या नंबरला लावत नाही. एकदाही लावला नाही. तिचा फोन घरी चालू ठेवलाय, कारण गॅसचं बुकिंग आणि बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. रिचार्ज वर्षभराचा मारला. तो स्वस्त पडतो.

१९ जानेवारी

शेजारच्या काशिफाभाबी सांदणं घेऊन आल्या. जैबूच्या मैत्रीण. म्हटलं, यांचं मत घेऊ. विचारलं, भाबी, ऑनलाइन जमलेली लग्नं टिकतात का. त्या म्हणाल्या, रफिकभाई, तुमचं टिकलं की.

मी म्हटलं, आमचं मोठ्यांनी जमवलेलं. त्या म्हणाल्या, जमवलं खालाने, पण लग्न तुमचं टेलिफोनशीच लागलं होतं.

काशिफाभाबींना मस्करीची सवय आहे. अभ्यासात धरलं नाही.

मग त्या जैबूच्या आठवणी काढून हसायला लागल्या. म्हणे जैबू सगळ्यांच्या नकला करायची. इमामसाहेबांची, मासळीवालीची, माझी. माझा खोकला, आणि मी 'हं' म्हणतो ते. म्हणे दुपारी चार बायका जमल्या की नुसता दंगा. ती गेल्यापासून मोहल्ला मुका झालाय, असं म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

त्यांची काहीतरी गफलत होतेय. जैबुन्निसा गंभीर स्वभावाची होती. घरात दिवसाकाठी दहा शब्द बोलायची. दुसरी कुणी असेल.

२१ जानेवारी

नागावला पुन्हा गेलो. ए.सी. ठीक होता, तरी बघून घ्यावा म्हटलं. परेश-अमिषा आज भांडत नव्हते, अमिषा माहेरी गेली होती. परेश ओट्यावर बसून होता. म्हटलं, आज शांत आहे. तो म्हणाला, काका, शांततेला काय चाटायचंय. कोणीतरी वरडायला हवं.

ही नोंद कुठे बसवावी कळत नाही.

२४ जानेवारी

हफ्साने विचारलं, सोमवारी सुट्टी आहे, अफानला बोलवू का, तुम्ही बघा तरी. मी 'हं' म्हटलं. म्हणजे ऐकू आलं, इतकंच. पण तिने ते होकारासारखं घेतलं आणि मी परत काही बोललो नाही.

असो. समोर बसवून कडक प्रश्न विचारायचे. राग येतो का. आला की काय करतो. घरात असताना बोलतो का, आणि काय बोलतो. आईसमोर बायकोची बाजू घेईल का. दहा प्रश्न तयार आहेत. पोरगा घाम पुसत परत जाईल.

२६ जानेवारी, दुपारी

अफान आला. उंच आहे, दारातून वाकून आला. चप्पल नीट काढली. आम्ही हॉलमध्ये समोरासमोर बसलो. पंखा चालू होता. मी घसा साफ केला. म्हटलं, बोट चालू होती का?

तो म्हणाला, हो, चालू होती.

मग बराच वेळ गेला. तो पंख्याकडे बघत होता, मी त्याच्या पायांकडे. मग मी विचारलं, वारा? तो म्हणाला, होता थोडा.

बाकीचे प्रश्न राहिले. बर्फ आणायला म्हणून उठलो. फ्रिजमध्ये बर्फ होता हे बाहेर पडल्यावर आठवलं.

परत आलो तेव्हा दोघं किचनच्या दाराशी होती, माझ्याकडे पाठ करून. हफ्सा त्याला म्हणत होती, चार चमचे साखर घेतोस, माणूस आहेस का मुंगी. तो म्हणाला, तुझा चहा कडू असतो, नाइलाज आहे. ती म्हणाली, मग पिऊ नको, तुझ्या आईकडे जाऊन पी. तो म्हणाला, तिचा तर त्याहून कडू. मग ती हसली. असं हसणं या घरात मी ऐकलेलं नाही.

मग तिने माझा खोकला काढून दाखवला. आधी दोन बारीक, मग एक मोठा, आणि शेवटी 'हं'. हुबेहूब. तो हसून भिंतीला टेकला. हफ्सा म्हणाली, हे काहीच नाही, अम्मी याहून छान करायची.

मी बर्फ न आणता आलो होतो, म्हणून परत बाहेर गेलो.

२७ जानेवारी

काल मी नसताना अफान निघून गेला. हफ्साने सांगितलं, तुम्हाला सलाम सांगितलाय. मी म्हटलं, हं.

म्हणजे काशिफाभाबी खरं सांगत होत्या. खरं असेल तर असेल. नवऱ्यासमोर नकला करायला बायकांना लाज वाटते. त्यात काही नाही.

मला कधी नक्कल करून दाखवली असती तर मी हसलो असतो, असं वाटतं. नक्की सांगता येत नाही.

अभ्यास पुढे चालू. निष्कर्ष तोच.

३० जानेवारी, जुम्मा

हफ्सा दोन दिवस बोलत नाही. उत्तर मागत नाही, वाट बघते. भाकरी आधीच दोन जास्त वाढून ठेवते.

रविवारी नकार सांगायचा. हे शेवटचं ठरलं.

१ फेब्रुवारी, रविवार

मगरिबनंतर किनाऱ्यावर होतो. भरती होती. नकार कसा सांगायचा याचा सराव करत चाललो होतो, आणि जैबूचा नंबर लागला. मुद्दाम लावला नाही, अंगठा घसरला. तीनदा घसरला, आधी फोन उघडताना, मग नाव शोधताना, मग हिरव्या बटणावर.

रिंग गेली. आणि तिकडून आवाज आला, हं, बोला.

मी वाळूत खाली बसलो.

हफ्सा होती. किचनमध्ये होती म्हणून तिने उचलला.   लाटांचा आवाज तिला जात असणार. मग ती म्हणाली, अब्बा, वारा आहे का तिकडे?

म्हटलं, आहे.

आणि मग मी बोलायला लागलो. दहाच्या दहा प्रश्न विचारले. अफानला राग येतो का. म्हणाली, येतो, मोठ्याने बोलतो, मग स्वतःच चहा करून आणतो. घरात बोलतो का. म्हणाली, अब्बा, तो गप्प बसत नाही, मलाच त्याला गप्प करावं लागतं. तुमच्यासमोर घाबरला होता. मी म्हटलं, मी पण.

मग म्हटलं, फोनवरची ओळख आहे बेटा, समोर माणूस वेगळा निघतो. ती म्हणाली, आम्ही पहिल्यांदा समोर कधी भेटलो माहीत आहे का. अम्मीच्या मय्यतीला. बोट बंद होती, तो गाड्या बदलत आला. मी दारात होते, तो अंगणात भिजत होता. एक शब्द बोललो नाही. तो तुमच्याबरोबर कबरस्तानात गेला.

मला आठवलं. कबरीत पाणी जात होतं म्हणून वर ताडपत्री धरली होती. तीन कोपऱ्यांची माणसं दमून बदलत होती. चौथ्या कोपऱ्याला एक उंच पोरगा होता, तो शेवटपर्यंत होता. मला वाटलं जमातीतला असेल. मी त्याला म्हटलं होतं, जरा वर धर.

विचारलं, अम्मीला माहीत होतं? म्हणाली, पहिल्यापासून. अम्मीनेच सांगून ठेवलंय, अब्बांना काही विचारायचं असेल तर फोनवर विचार, फोनवर ते फार छान बोलतात. समोर विचारलंस तर भाकरी मागतील.

मी म्हटलं, ठीक आहे. त्यांच्या घरच्यांना येऊ दे. रमजानच्या आधी उरकून टाकू.

ती रडत होती बहुतेक. वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

घरी आलो. तिने गप्प वाढलं, मी गप्प जेवलो. सगळं बोलून झालं होतं.

५ फेब्रुवारी

होकार दिला तो सोयीसाठी. पुढे पावसाळ्यात माणसांची ये-जा अवघड होते. अभ्यासाचा आणि होकाराचा संबंध नाही.

रोज किनाऱ्यावरून फोन करतो. निकाहची तयारी असते, बोलायला विषय असतात. किती डेगा बिर्याणी, मांडव कुठे. काल तिला म्हटलं, माझा खोकला काढून दाखव. नको म्हणाली. मग काढला. मी हसलो. बाजूला भेळवाला बघत होता.

१५ फेब्रुवारी, रविवार

निकाह झाला. परेश-अमिषा आले होते, गाडी कुठे लावायची यावरून फाटकातच भांडत होते. बरं वाटलं. काशिफाभाबी म्हणाल्या, जैबू असती तर आज काझीसाहेबांची नक्कल बघायला मिळाली असती. मी म्हटलं, हो, चांगली करायची. जसं काही मी बघितली होती.

दुपारी मांडव्याला सोडायला गेलो. दोघं पहिल्यांदा एका बोटीत बसली. हफ्सा म्हणाली, अब्बा, औषधं डब्यात आहेत, अम्मीचा फोन फ्रिजवर ठेवलाय. मी म्हटलं, हं. तिने वळून बघितलं. अजून काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, वारा नाही आज.

घरी येऊन बोटीच्या ग्रुपात नाव घातलं. विचारलं, चारची बोट पोचली का. कुणीतरी अनोळखी माणसाने लिहिलं, पोचली.

१६ फेब्रुवारी

हफ्साला दोनदा फोन केला. पाहुणे आहेत, नंतर करते म्हणाली. नवीन घर आहे, होणारच. मी ठीक आहे. घर शांत आहे. ठरावांना आता वेळ मिळेल.

१७ फेब्रुवारी, मगरिबनंतर

रमजान तोंडावर आला. ठरवलं, आज अभ्यासाचा निष्कर्ष लिहून विषय संपवायचा.

किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. निष्कर्ष मनात जुळवला, आणि सवयीने जैबूचा नंबर लावला. फ्रिजवर फोन आहे आणि घरात कुणी नाही, हे माहीत होतं. रिंग पूर्ण गेली. मग रेकॉर्डवरची बाई सांगते ते तिने सांगितलं. ते पूर्ण ऐकलं. पुन्हा नाही लावला.

घरी आलो. लाइट लावला. फ्रिजवरच्या फोनवर लिहून आलं होतं, एक मिस्ड कॉल, बहरीन.

मला वाटलं, कंपनीतलं जुनं कुणी असेल, जैबूचं कळलं असेल आता. इतक्या दिवसांनी आठवण काढली, बरं वाटलं. परत लावला.

माझ्या खिशातला फोन वाजला.

हा नंबर मी परत आल्यावर अलिबागला घेतला. नवीन आहे. म्हणजे तिने तो स्वतः भरला असणार, आणि नाव तेच ठेवलं, बहरीन. सहा वर्षं मी याच घरात होतो.

खिशातला वाजतच होता. उचलला. दोन्ही फोन कानाला लावून थोडा वेळ उभा राहिलो. हं, बोला, असं म्हणून बघितलं. एका कानात माझाच आवाज जरा उशिराने आला.

आमचं कधी भांडण झालं नाही.

दोन्ही फोन चार्जिंगला लावले.